जमातींचे जुने गालिचे: नक्षी वाचायची की गाठी?

वेदवती_स
नमस्कार मंडळी, जाणकारांचं मत हवं आहे.

माझे सासरे सत्तरच्या दशकात नोकरीनिमित्त इराणमध्ये होते. परतताना मशहदच्या बाजारातून त्यांनी लोकरीची एक खुर्जी आणली. जनावराच्या पाठीवर टाकायची, दोन्ही अंगांना एकेक खिसा असलेली. खिशांची पुढची बाजू गालिच्यासारखी लवदार आहे, मागची साधी, पट्ट्यापट्ट्यांची. काळपट निळ्या जमिनीवर विटकरी तांबडे अष्टकोन. प्रत्येक अष्टकोनाचे चार भाग, समोरासमोरचे दोन भाग एका रंगाचे. अधूनमधून पांढऱ्याचे ठिपके. इतकी वर्षं ट्रंकेत होती, आता दिवाणखान्यात लावायची आहे.

शहरातल्या एका गालिचावाल्यांना दाखवली. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, "बुखारा आहे, दीडशे वर्षं जुना." अष्टकोन म्हणजे हत्तीचं पाऊल, चार भाग म्हणजे चार दिशा, कडेला विंचू आहेत ते विंचवापासून राखण करतात आणि पांढऱ्या ठिपक्यांमुळे दृष्ट लागत नाही. वर सल्ला दिला की खिसे उसवा आणि पुढचे दोन तुकडे तेवढे काचेच्या फ्रेममध्ये लावा.

माझे प्रश्न असे: या नक्षीला खरोखर असे ठरलेले अर्थ असतात का? भटक्या जमातींच्या विणकामात सगळं कोनाकोनाचंच का, वेलबुट्टी का नाही? आणि दीडशे वर्षं हे कशावरून ठरवतात?

निळोबा
आधी घरातल्या सगळ्या कात्र्या लपवा. मग पाठीमागच्या बाजूबद्दल लिहा.

अनुजा_के
मस्त विषय. वाचनखूण साठवली आहे.

मस्कतकर
वेदवतीताई, हत्तीच्या पावलापासून सुरुवात करतो, कारण मस्कत-शारजाच्या दुकानांत ही गोष्ट मीही पुष्कळदा ऐकली आहे.

अष्टकोनी नक्षीचं मूळ घर म्हणजे तुर्कमेन जमाती: तेक्के, योमुत, सालोर, सारिक, एरसारी, चौदोर. आजचा तुर्कमेनिस्तान आणि त्याला लागून असलेले इराण, अफगाणिस्तान, उझबेकिस्तानचे पट्टे हा त्यांचा मुलूख. हे गालिचे विकायला बुखारा शहरात यायचे म्हणून व्यापाऱ्यांनी सरसकट सगळ्यांना बुखारा म्हणायला सुरुवात केली. पुढे लाहोर-कराचीकडे त्याच नक्षीचे नवे गालिचे विणले जाऊ लागले, तेही बुखारा म्हणूनच खपतात. तेव्हा या शब्दावरून ना गाव कळतं ना वय.

तुर्कमेन अष्टकोनाला 'गुल' म्हणतात. एरसारींच्या मोठ्या गुलाला अफगाण बाजारात 'हत्तीचं पाऊल' हे नाव पडलं. काराकुमच्या वाळवंटात हत्ती पाहिलेली विणकरीण सापडणं कठीण आहे. कॉकेशसच्या गालिच्यांचंही असंच. एका नक्षीला संग्राहक 'गरुड कझाक' म्हणतात, एका किनारीला 'मद्याचा पेला', एकीला 'धावता कुत्रा'. ही नावं विकणाऱ्यांनी आणि जमवणाऱ्यांनी दिली आहेत. दोन व्यापाऱ्यांना फोनवर नक्षी कळावी यासाठी ती सोयीची आहेत, विणणारीच्या मनात काय होतं हे त्यातून समजत नाही.

मात्र सगळंच बाहेरून आलेलं नाही. मेंढ्याच्या शिंगासारखा जो दुहेरी आकडा दिसतो त्याला तुर्कमेन बायका स्वतःच 'गोचक' म्हणतात. ज्यांचा सगळा संसार मेंढरांवर, त्यांच्या विणकामात शिंग येणं साहजिक आहे.

उभा_धागा
मी जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते. मस्कतकरांशी सहमत. वेदवती, नक्षी थोडा वेळ बाजूला ठेव आणि हे करून बघ.

खुर्जीचा लवदार भाग आडव्या रेषेत हलकेच दुमडायचा, म्हणजे लव फाकते आणि गाठींचं मूळ दिसतं. प्रत्येक गाठ दोन उभ्या धाग्यांवर असते. लोकर दोन्ही धाग्यांवरून जाऊन मधून बाहेर आली असेल तर गाठीच्या बुडाशी आडवी छोटी पट्टी दिसेल, ती समान गाठ. लोकरीने एकाच धाग्याला पूर्ण वेढा घातला असेल आणि दुसऱ्याच्या नुसतं मागून गेली असेल तर ती असमान गाठ. असमान असेल तर मोकळी बाजू डावीकडे आहे की उजवीकडे ते पाहा. मग कडा बघ: कशाने गुंडाळल्या आहेत? उभे धागे सुताचे की लोकरीचे? पांढरे की करडे?

हे सगळं का विचारते आहे: नक्षी एका जमातीकडून दुसरीकडे जाते. लग्नातून जाते, बाजारातून जाते, लढाईतून जाते. गाठ मारायची सवय मात्र मुलगी आईच्या शेजारी बसून शिकते आणि बोटांत बसलेली ती सवय सहसा सुटत नाही. तेक्केंची गाठ बहुतेक वेळा असमान, उजवीकडे मोकळी. सालोरांची असमान पण डावीकडे मोकळी. योमुतांची बहुतांशी समान. लांबून एकसारखे दिसणारे दोन गुल पाठीवरून वेगळे ओळखू येतात ते यामुळेच.

वेदवती_स
ताई, करून बघितलं, भिंग घेऊन. आडवी पट्टी दिसत नाही, एकाच धाग्याला वेढा आहे, मोकळी बाजू डावीकडे. उभे धागे पांढऱ्या लोकरीचे. कडा काळ्या राठ केसांनी गुंडाळलेल्या आहेत, हाताला टोचतात. लव मात्र इतकी मऊ आणि चमकदार आहे की हात फिरवतच राहावासा वाटतो.

उभा_धागा
मग तुमची खुर्जी बहुधा तुर्कमेन नसून बलुच आहे! डावीकडे मोकळी असमान गाठ, लोकरीचे पांढरे उभे धागे, बकरीच्या केसांची कड, रेशमासारखी लोकर आणि निळा-तांबडा काळोखी रंगमेळ हे सगळं एकत्र आलं की खोरासान किंवा हेरातकडचं बलुच काम म्हणायला हरकत नाही. खोरासानचा माल मशहदलाच विकायला यायचा, म्हणजे तुझ्या सासऱ्यांची खरेदीही जुळते.

इथे एक गैरसमज होतो. बाजारात ज्यांना बलुच गालिचे म्हणतात त्यातले बहुतेक बलुचिस्तानात विणलेले नाहीत. पूर्व इराण आणि पश्चिम अफगाणिस्तानातल्या बलुचांनी आणि तैमुरींसारख्या त्यांच्या शेजाऱ्यांनी ते विणले. तुर्कमेनांच्या शेजारामुळे त्यांनी गुल उचलले आणि आपल्या रंगांत बसवले. अष्टकोन तुर्कमेन, हात बलुच.

निळोबा
थोडक्यात, पत्रिका समोरून नव्हे, पाठीवरून बघायची.

कोन_त्रिकोण
मी शाळेत गणित शिकवतो. दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे कोनाकोनाचंच का, याला हात घालतो. हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

गाठीचा गालिचा म्हणजे आलेखाची वही. प्रत्येक चौकटीत एक गाठ, एक रंग. वळणदार रेघ काढायची तर चौकटी फार बारीक हव्यात किंवा समोर रंगवलेला नकाशा हवा. इस्फहान, काशानसारख्या शहरांच्या कारखान्यांत चित्रकार कागदावर नकाशा काढून देत आणि विणकर तो बघून विणत. तंबूत राहणारी बाई आठवणीतून विणते. आठवणीत राहतात ते आकडे: तीन तांबड्या, एक पांढरी, तीन तांबड्या. पुढच्या ओळीत दोन्हीकडे एकेक वाढवायची. असं मोजत गेलं की पायऱ्यापायऱ्यांचे त्रिकोण, चौकोन, अष्टकोन आपोआप तयार होतात.

आता खरी गंमत. चौकटी चौरस असतीलच असं नाही. समजा एका इंचात आडव्या ८ गाठी बसतात आणि उभ्या १२. एक गाठ बाजूला, एक गाठ वर असं चढत गेलात तर तुम्हाला ४५ अंशांची रेघ मिळेल असं वाटेल, पण मिळते साधारण ३४ अंशांची. अष्टकोन बसका होतो. आडव्या ओळी सैल ठोकल्या तर तोच अष्टकोन उंच होतो. मोजणी आईकडून आलेली, आकार हाताच्या दाबाने बदललेला.

कोपऱ्यांचंही तेच. वरची किनार आडव्या गाठींवर चालते, बाजूची उभ्या. एका फुलाला आडवी जागा वेगळी लागते, उभी वेगळी. म्हणून जमातींच्या गालिच्यात दोन किनारी कोपऱ्यात भेटतात तिथे नक्षी मध्येच तुटते, अर्धं फूल उरतं किंवा काहीतरी तिसरंच भरलेलं असतं. शहरी गालिच्यात नकाशावर कोपरा आधी जुळवून घेतलेला असतो. मला तो तुटलेला कोपराच जास्त आवडतो, कारण विणणारीने त्या क्षणी काय ठरवलं ते तिथे उघड दिसतं. वेदवतीताई, तुमच्या खुर्जीचे कोपरे नीट बघा.

आणखी एक. योमुतांच्या मोठ्या गालिच्यांत गुल सगळीकडे तोच असतो, पण रंग तिरक्या ओळींत बदलत जातात. नजर आडवी-उभी न फिरता तिरकी सरकते आणि एकाच आकाराचं शेत हलतं वाटतं. सपाट पृष्ठभागावर आवर्ती नक्षीच्या सममितीचे १७ प्रकार आहेत, पट्टीवर ७. वर्गात हे शिकवताना मी पुस्तकातल्या आकृत्यांऐवजी गालिच्यांची चित्रं लावतो. मुलं लगेच आरसा कुठे आहे, फिरणं कुठे आहे ते दाखवू लागतात.

माणदेशी
कोनसर, लय भारी समजावलंत.

आमच्याकडे धनगर मेंढरं राखतात, लोकर कातरतात आणि सनगर घोंगडी विणतात. खड्ड्याचा माग, चिंचोक्याची खळ. घोंगडीला लव नसते आणि रंगवायचीही पद्धत नाही, मेंढराचा काळा तोच घोंगडीचा काळा. म्हणून मला प्रश्न पडलाय: आमचा माग जमिनीत पुरलेला, तो हलत नाही. मेंढपाळ फिरतो आणि विणकर गावात असतो, असं आमचं काम वाटलेलं आहे. ही मंडळी सहा-सहा महिने फिरत असताना गाठीचा गालिचा विणायची कशी? अर्धा झाला आणि निघायची वेळ आली तर?

मस्कतकर
माणदेशी, फार नेमका प्रश्न. त्यांचा माग जमिनीवर आडवा असतो. दोन दांडे, चार खुंट्या ठोकायच्या, मध्ये उभे धागे ताणायचे. विणकरीण विणलेल्या भागावर बसून पुढे सरकत जाते. तळ हलवायची वेळ आली की खुंट्या उपटायच्या, अर्धा गालिचा दांड्यांसकट गुंडाळायचा आणि उंटावर टाकायचा. नव्या जागी पुन्हा ठोकायच्या. ताण पहिल्यासारखाच बसेल याची खात्री नाही, म्हणून जुन्या भटक्या गालिच्यांच्या कडा कुठे आत जातात, कुठे बाहेर येतात. दुकानदार त्याला दोष म्हणून भाव पाडतात. मी अशी वाकडी कड दिसली की थांबतो.

दक्षिण इराणात फार्स प्रांतातले कश्काई तुर्की बोलतात आणि उन्हाळ्यात डोंगराकडे, हिवाळ्यात आखाताच्या बाजूच्या उबदार कुरणांकडे जातात. १९३० च्या दशकात इराणचा राजा रझा शाहने जमातींना सक्तीने एका जागी बसवलं, त्यात जनावरं मेली, माणसं देशोधडीला लागली. तो काळ त्यांच्या विणकामावरही दिसतो. फार्समधली गालिचे विणण्याची कौशल्यं २०१० साली युनेस्कोच्या यादीत आली, तुर्कमेनांची २०१९ साली.

माणदेशी
एका जागी बसवणं. समजलं. रस्ते आणि कुरणं बंद झाली की मेंढपाळाचं काय होतं ते आम्ही बघतोच आहे.

आदिशक्ती
सगळे विद्वान नक्षीला अर्थ नाही म्हणून मोकळे झालात, पण मला हे पटत नाही. विणणाऱ्या सगळ्या बायका. त्यांना लिहिता येत नव्हतं, बोलायची मुभा नव्हती, त्यांनी आपलं म्हणणं विणलं. अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किलिमांवर (लव नसलेल्या सपाट गालिच्यांवर) कमरेवर हात ठेवलेली बाई असते, ती मातृदेवता. तिथल्याच चाताल्होयुक या नवाश्मयुगातल्या वस्तीच्या भिंतींवर हीच नक्षी सापडली आहे, म्हणजे आठ-नऊ हजार वर्षांची परंपरा. हे मी वाचलं आहे.

उभा_धागा
आदिशक्ती, बायकांचं काम म्हणून त्याकडे बघायला हवं हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण चाताल्होयुकचा पुरावा टिकत नाही. तिथे १९६० च्या दशकात उत्खनन करणारे जेम्स मेलार्ट यांनी १९८० च्या दशकात किलिमांसारख्या भित्तिचित्रांची रेखाटनं प्रसिद्ध केली. त्यांची छायाचित्रं नव्हती आणि उत्खननातल्या इतर कुणी ती चित्रं पाहिल्याचं पुढे आलं नाही. मेलार्ट २०१२ साली वारले. २०१८ मध्ये त्यांच्या घरात सापडलेल्या कागदपत्रांवरून त्यांनी भित्तिचित्रांचे कच्चे नमुने स्वतःच तयार केल्याचं उघड झालं. या एका कथेवर कितीतरी दुकानांची माहितीपत्रकं आजही उभी आहेत याचा मला मनापासून राग येतो.

सैबेरियात अल्ताई पर्वतातल्या पझिरिक इथल्या दफनात बर्फात गोठून राहिलेला गालिचा हा अखंड अवस्थेत सापडलेल्यांपैकी सर्वांत जुना. रशियन पुरातत्त्वज्ञ रुदेन्को यांनी १९४९ मध्ये तो काढला, काळ इसवी सनापूर्वी पाचवं ते चौथं शतक. जवळजवळ दोन मीटर लांबी-रुंदी, एका चौरस डेसीमीटरला ३६०० च्या आसपास समान गाठी. त्यावर हरणं आहेत, घोडेस्वार आहेत, मध्ये चौकोनांत फुलीसारखी नक्षी आहे. गाठीचं तंत्र किती जुनं आहे हे त्यातून कळतं. मधल्या शतकांचे दुवे मात्र फार थोडे उरलेत, म्हणून कुठल्याही आकाराची थेट हजारो वर्षांची वंशावळ सांगणाऱ्यापासून दूर राहिलेलं बरं.

मस्कतकर
आदिशक्ती, नक्षीला अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. फक्त तो शब्दकोशासारखा नाही. सोविएत काळात व्हॅलेंतिना मोश्कोवा या अभ्यासक बाईंनी तुर्कमेनांमध्ये फिरून मांडणी केली की मुख्य गालिच्याचा गुल ही त्या जमातीची निशाणी असते. जमात हरली की तिचा गुल 'मरतो', म्हणजे मोठ्या गालिच्यावरून उतरतो आणि जिंकणाऱ्यांच्या किरकोळ सामानावर दिसू लागतो. सालोरांचं बळ १८३० च्या दशकात ओसरलं आणि त्यांचा गुल तेक्के-सारिकांच्या सामानाच्या पिशव्यांवर आला, हे उदाहरण नेहमी दिलं जातं.

याला विरोध करणारेही आहेत. काही गुल चिनी आणि तैमूरच्या घराण्याच्या काळातल्या रेशमी कापडांवरच्या आकारांशी जुळतात आणि 'तावुक नोस्का' नावाचा गुल, ज्यात चारी भागांत छोटे दोन डोक्यांचे प्राणी असतात, तो अनेक जमाती विणतात. मग तो निशाणी कुणाची? मला वाटतं दोन्ही थोडं थोडं खरं आहे. राष्ट्रध्वजाचंच बघा. तुर्कमेनिस्तानने १९९२ मध्ये झेंड्यावर एका पट्ट्यात पाच गुल घेतले. आज ते निशाणी आहेतच, पूर्वी असोत वा नसोत.

आदिशक्ती
मेलार्टचं माहीत नव्हतं. बायकांचा मुद्दा सोडत नाही.

उभा_धागा
सोडूच नका. योमुतांचं 'अस्मलिक' पाहा: नवरीला घेऊन जाणाऱ्या उंटाच्या दोन्ही कुशींवर टांगायच्या पंचकोनी झुलींची जोडी. मुलगी ती लग्नासाठी विणायची. तिच्या हाताची कसोटी सगळ्यांसमोर उंटावर लटकलेली असे. अर्थ शोधायचा तर मी तिथे शोधेन: कुणी, कशासाठी, कुणाला दाखवायला विणलं. तंबूच्या दारावरचा पडदा, भिंतीला टांगायच्या पिशव्या, तंबू आवळायचे लांब पट्टे. त्या घरात कपाट, दार, पेटी सगळं विणलेलंच.

रंगारी
तिसरा प्रश्न, वय. इथे रंग बोलतात.

पूर्वी तांबडा मंजिष्ठाच्या मुळांपासून, निळा निळीपासून, पिवळा रानफुलांपासून, तपकिरी अक्रोडाच्या किंवा डाळिंबाच्या सालीपासून. तुरटीने रंग पक्का करायचा. काळपट हवा तर हिराकस, म्हणजे लोखंड. १८५६ साली पर्किन या रसायनतज्ज्ञाचा कृत्रिम जांभळा आला, १८५९ मध्ये फुक्सिन हा भडक गुलाबी-जांभळा आणि पुढच्या काही दशकांत हे रासायनिक रंग तंबूंपर्यंत पोचले. इराणच्या काजार घराण्याच्या सरकारने त्यांच्यावर बंदीही घातली, पण माल येतच राहिला.

वेदवतीताई, उजेडात बसा, लव बोटांनी फाकवा आणि टोकाचा रंग बुडाशी ताडून पाहा. मंजिष्ठ टोकाला किंचित मवाळ होतो पण तांबडाच राहतो. फुक्सिन टोकाला राखाडी होतो आणि बुडाशी भडक गुलाबी-जांभळा. आणि गडद तपकिरी गाठी बोटाला खाली लागतात का बघा. हिराकस लोकर खातो. शेजारचा तांबडा उंच राहतो आणि तपकिरी झिजून नक्षी कोरल्यासारखी दिसते.

एक सावधगिरी: नवा गालिचा जुना भासवायला चहाच्या पाण्यात बुडवतात, क्लोरीनने धुतात, उघडी पडलेली जागा रंगाच्या पेनाने भरतात. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपऱ्यात हलकं टिपा. रुमालावर रंग उतरला तर विक्रेत्याला प्रश्न विचारा.

वेदवती_स
रंगारीदादा, आज सकाळी खिडकीत बसून पाहिलं. तांबडा बुडापासून टोकापर्यंत जवळपास सारखा. निळाही. अष्टकोनांच्या मधोमध जो मळका करडा वाटत होता तो बुडाशी झगझगीत जांभळट गुलाबी निघाला! मुलीला हाक मारून दाखवला. आणि हो, तपकिरी रेघा खाली लागतात, डोळे मिटून बोट फिरवलं तरी अष्टकोनाची कड कळते. रुमालाला काही लागलं नाही.

कोनसर, खालच्या डाव्या कोपऱ्यात किनारीचं फूल अर्ध्यावर संपतं आणि तिथे तिने एक छोटा पांढरा चौकोन भरला आहे. दुसऱ्या खिशावर त्याच जागी चौकोन निळा आहे.

कोन_त्रिकोण
वा! दिवस सत्कारणी लागला.

रंगारी
मग दीडशे हा आकडा धाडसाचा. तो करडा बहुधा फुक्सिनच, म्हणजे खुर्जी १९ व्या शतकाच्या शेवटापासून ते २० व्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली धरा. मंजिष्ठ आणि नीळ अजून वापरात असताना बाजारातून एक नवा रंग हौसेने आणलेला. व्यापाऱ्यांना तो नकोसा असतो. मला तो प्रिय आहे, कारण तेव्हा तो तिच्यासाठी नवलाईचा आणि महागामोलाचा होता.

बे_एरियातली_सई
कार्बन-१४ चाचणी करून वय मिळेल का असं कुणी विचारायच्या आत सांगते: १६५० नंतरच्या वस्तूंसाठी त्या चाचणीची उत्तरं तीन-चार वेगवेगळ्या कालखंडांत विखुरतात, त्यामुळे १९ व्या शतकातल्या खुर्जीला तिचा उपयोग नाही.

इकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात तुर्कमेन विणकामाचा आणि अनातोलियन किलिमांचा फार सुंदर संग्रह आहे. वॉशिंग्टनच्या टेक्स्टाइल म्युझियममध्येही. कुणी येणार असेल तर सध्या काय मांडलंय ते आधी पाहून या, कारण कापड उजेडात सतत ठेवत नाहीत.

अवांतर: १९७९ मध्ये सोविएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर तिथल्या गालिच्यांवर रणगाडे, हेलिकॉप्टरं, कलाश्निकोव्ह आल्या. असा गालिचा पहिल्यांदा पाहिला तेव्हा किनारीतली फुलं वाटली ते हातबाँब होते. नक्षी जुनीच असते असं मानणाऱ्यांनी तो एकदा बघावा.

पुणेकर_पेठेतला
अवांतरात भर. पुण्यातल्या येरवडा कारागृहातही गालिचे विणले जात, परदेशी लिलावांत ते आजही येतात. ते कैद्यांनी नकाशावरून विणलेले, जमातींचे नव्हेत.

आणि मुद्द्याचं: भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. उद्या मुलगी परदेशी गेली आणि खुर्जी न्यायची म्हणाली तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा. तुर्कमेनिस्तानातूनही गालिचा बाहेर नेताना तो प्राचीन नसल्याचा दाखला लागतो.

अनुजा_के
लोकर म्हटलं की कसर आलीच. आमच्याकडे एक सतरंजी गेली तशी. ट्रंकेत डांबरगोळ्या चालतील का?

उभा_धागा
डांबरगोळ्या नकोत, वास लोकरीतून जात नाही आणि घरात त्यांची वाफही चांगली नाही. कसरीला काळोख आणि शांतता लागते. दर दोन-तीन महिन्यांनी काढायचं, दोन्ही बाजूंनी झटकायचं, सावलीत वारा द्यायचा. अळी दिसलीच तर प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून खोल गोठवणाऱ्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर दव लोकरीत बसतं. पावसाळ्यात कोकणात-मुंबईत भिंतीला चिकटवून काही टांगू नका, मागून बुरशी येते.

वेदवती_स
सगळ्यांचे मनापासून आभार. आता शेवटचा प्रश्न. उसवायचं नाही हे ठरलं. पण पूर्ण खुर्जी भिंतीवर कशी लावू? खिळे ठोकायचे नाहीत. आणि मागची पट्ट्यांची बाजू दिसणारच नाही याचं वाईट वाटतं.

मस्कतकर
उसवलं नाहीत हे फार चांगलं केलंत. बाजारात पुढचे तुकडेच सुटे मिळतात, कारण व्यापाऱ्यांनी पाठ कापून फेकल्या. दोन्ही खिसे, त्यांना जोडणारा मधला पूल आणि पाठ जिथल्या तिथे असलेली खुर्जी आता सहज दिसत नाही. खिशाच्या तोंडाशी एकात एक ओवायचे फास आहेत का? त्याने ती बंद व्हायची.

वेदवती_स
आहेत! काळ्या केसांचे. दोन तुटलेत, बाकी सगळे आहेत. मला वाटलं ती झालर आहे.

उभा_धागा
तुटलेले तसेच राहू देत, नवे जोडू नका. भिंतीवर लावण्यापेक्षा एक गुळगुळीत जाड दांडा घ्या, त्यावर धुतलेलं मांजरपाट गुंडाळा आणि खुर्जी मधल्या पुलावर वाळत घातल्यासारखी टाका, एक खिसा पुढे, एक मागे. दांडा छताच्या आकड्यांना टांगा किंवा दोन लाकडी घोड्यांवर ठेवा. ती याच रीतीने वापरायची वस्तू आहे, वजन योग्य जागी येतं आणि चारी बाजूंनी बघता येते. थेट ऊन येणारी खिडकी टाळा आणि वर्षातून एकदा पुढचा खिसा मागे करा, म्हणजे दोन्हीकडचे रंग सारखे राहतील.